मार्चपर्यंतची ऊब

९ जानेवारी, सोमवार. वाचनालय.

लिहा साहेब: आज माझी शेगडी मेली.

शेगडी म्हणजे स्वयंपाकाची नव्हे. कोपऱ्यात उभी, खोली तापवणारी, छताला टेकलेली, हिरव्या टाइल्सची, माझ्याहून वयाने मोठी आणि माझ्याहून पुष्कळ कमी बोलणारी. सकाळी धुराडेवाला आला. धुराडेवाला दिसला की अंगावरचं बटण घट्ट धरायचं, नशीब उघडतं. म्हणून दार उघडता उघडताच मी स्वेटरचं बटण धरलं. त्याने शेगडीच्या तोंडाशी काडी धरली तर ज्योत उलटी खोलीकडे वळली. म्हणाला, "आजी, आतून तडा गेलाय. वास नसलेला धूर खोलीत येतोय. आणखी आठ दिवस पेटवली असतीत तर झोपेतच गेला असतात."

"या वयात त्यात वाईट काय?" मी विचारलं.

तो हसला नाही. शेगडीच्या दाराला तार गुंडाळली, तारेला शिशाचं सील ठोकलं आणि गेला. बटण माझ्या हातातच राहिलं. तुटून आलं होतं.

शेगडी बांधणारा गवंडी मार्चमध्ये येईल. थंडीत माती वाळत नाही, आणि अख्ख्या वूच शहरात असे गवंडी आता तिघेच उरलेत, त्यातला एक पितो. विजेचा हीटर लावला तर सगळ्या मजल्याचा दिवा जातो. एकदा करून पाहिलं, शिव्या अजून कानात आहेत.

उर्शुलाला यातलं काही कळता कामा नये. उर्शुला माझी मुलगी. शहराच्या टोकाला, नवव्या मजल्यावर राहते. तीन वर्षं एकच पाढा: आई, एकटी राहू नकोस, तुला वाचता येत नाही, औषधाच्या बाटल्या चुकवशील, माझ्याकडे लहान खोली आहे. लहान खोलीत इस्त्रीचं टेबल राहतं. त्याला कुणी हलवायचं? आणि माझं घर नगरपालिकेचं. एकदा चावी परत दिली की संपलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिथे आहे. माझा नवरा लेओन तिथूनच गेला, त्याची टोपी अजून खुंटीवर आहे.

तेव्हा काम एवढंच: मार्चपर्यंत दिवसा कुठेतरी उबेला बसायचं, आणि रात्री दोन दुलयांखाली मरायचं नाही.

लिहितायत ते तेओफिल साहेब, अंगणापलीकडच्या, रस्त्याकडच्या इमारतीतले. चाळीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं हाताळली, स्वतःला एक आलं नाही. मला अक्षर येत नाही. शाळेत जायचं वय झालं तेव्हा जर्मनांनी शाळा बंद केल्या. नंतर गिरणीत मागावर उभी राहिले, मागाला अक्षर लागत नव्हतं. साहेब म्हणतात, घरात शेगडी नसली की नगरपालिकेच्या ऑफिसात अशी वही लागते, एकेका दिवसाची नोंद. तेव्हा ही वही. त्यांच्याकडेही थंडीच आहे म्हणे. "पाईप जुने आहेत," म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच तर रस्ता खणून घरं तापवायचे ते गरम पाण्याचे पाईप टाकले होते. पण नगरपालिकेचे पाईप, जन्मतःच म्हातारे असतील.

वाचनालय चांगलं आहे. कोपऱ्यात रेडिएटर, समोर मासिकं. मी चित्रांचं मासिक घेते, म्हणजे उलटं धरायची भीती नाही.

१२ जानेवारी. दुधाची खानावळ.

उणे सोळा.

नाव दुधाचं, पण इथे स्वस्तात सगळं मिळतं. बार्लीचं सूप घेऊन दोन तास बसले. खिडकीतून वाढणारी बाई ओरडली, "पोलाबाई, ते सूप आहे की आंघोळ?" मी म्हटलं, "तुझ्या सुपात बुडायला काही आहे का, ते शोधतेय." सगळी खानावळ हसली. तिने आणखी अर्धा पळा आणून ओतला. माणसाने तोंड चालू ठेवावं, पोट मागून भरतं.

इकडे येताना अंगणात बर्फाचा आरसा झाला होता म्हणून साहेबांचा हात धरला. कोट गरम. वरून नाही, आतपर्यंत गरम, भट्टीतून काढलेल्या पावासारखा. सकाळी नऊ वाजता! बिचारे कोट घालूनच झोपत असणार. विचारलं तर नुसते खोकले. लिहा, खोकले असंच लिहा. विधुराचे हाल कुत्रा खात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

१६ जानेवारी.

ट्राम. दहा नंबर, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा. सीटखाली हीटर असतो. एक पोटरी भाजली, दुसरी गोठली. साहेबांनी जागा बदलून घेतली, मग दुसरी भाजली. आज बोलावंसं वाटत नाही.

१९ जानेवारी. स्तेफाचं दुकान.

आमच्याच अंगणात तळमजल्यावर स्तेफा चादरी दाबून देते. दोन मोठी गरम लाटणी, मधून चादर जाते, पलीकडून कडक होऊन येते. ऊब तिथे सगळ्यात चांगली; फक्त तिचं मोल कान देऊन चुकवावं लागतं. कुणाची सून निघून गेली, कुणाचा जावई परत आला. मी घडीचं एक टोक धरते, स्तेफा दुसरं, आणि जग दुमडत जातं.

आज ती साहेबांवर घसरली. "काल उणे अठरा, आणि यांच्या खिडकीची वरची झडप सताड उघडी! वेड लागलंय का हो तुम्हाला?"

साहेब कानापर्यंत लाल झाले. मीच बाजू घेतली. "आत बाहेर सारखंच असेल तर बंद कशासाठी करायची?"

स्तेफाने हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाली, "पोला, तू गिरणीत चाळीस वर्षं काढलीस, पण तुला सूत कुठलं आणि दोरा कुठला ते अजून कळत नाही."

यात काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

२२ जानेवारी, रविवार. (सोमवारी सांगितलं.)

रविवारी उर्शुला यायची, म्हणून आधीच फोन करून म्हटलं, मीच येते. नऊ मजले वर. काय ती ऊब! मोजे काढून बसावं लागलं. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण होतं. उर्शुलाने हात धरला.

"आई, तुझे हात इतके गार?"

"ट्रामने आले, विमानाने नाही."

"घरी शेगडी नीट पेटवतेस ना? कोळसा आहे?"

"कोळसा पुष्कळ आहे." हे खोटं नाही. कोळसा पुष्कळ आहे. जसाच्या तसा आहे.

जेवल्यावर तिने लहान खोली दाखवली. इस्त्रीचं टेबल नव्हतं. पलंग होता, पडदे नवे होते, निळे. मी म्हटलं, "इस्त्री कुठे करणार आता?" तिने तोंड फिरवलं. मला वाटतं तिला तिथे टेबलच बरं वाटत असावं.

२८ जानेवारी. वाचनालय.

रात्री ग्लासातलं पाणी गोठलं. दात त्यातच होते. सकाळी अर्धा तास ग्लास केटलीजवळ ठेवला तेव्हा मला बोलता आलं. साहेब म्हणतात, शेजाऱ्यांना तेवढाच आराम. बघा, बोलायला लागलेत. महिन्याभरापूर्वी हवामानाखेरीज तोंडातून शब्द निघत नव्हता.

पोला म्हणजे अपोलोनिया; माझी ती संत दातांची रक्षणकर्ती. मुलीने संताचं नाव लावावं आणि म्हातारपणी दातच बर्फात जावेत! तिला वर कुणीतरी विचारा.

३ फेब्रुवारी. ताडांचं काचघर.

हे सगळ्यात शेवटी सापडलं. बागेतलं मोठं काचघर, आत ताडाची झाडं, शंभर वर्षांची, आणि केळी. बाहेर उणे वीस, आत चष्म्यावर धुकं. साहेबांच्या चष्म्यावर, माझ्याकडे चष्मा नाही, वाचायचंच नाही तर कशाला. केळीखाली लाकडी बाक आहे. पाण्यात लाल मासे. आपल्या हयातीत मी एवढी हिरवळ फेब्रुवारीत पाहिली नव्हती.

आणि तरी दमले. साहेब, हे नीट लिहा. गिरणीत आठ तास उभी राहायचे तेव्हाही इतकी दमत नव्हते. उबेला जाणं हीसुद्धा पाळीच आहे: नऊला निघा, टोपी घाला, बर्फावरून चाला, कुणीतरी "बंद करतोय" म्हणेपर्यंत बसा, परत टोपी घाला. दुसऱ्याच्या उबेत ताठ बसावं लागतं. पाय पसरता येत नाहीत, पेंगता येत नाही. आपल्या शेगडीपुढे माणूस कसाही बसतो, तोंड उघडं टाकून बसतो. ती बघत नाही.

इथे साहेब थांबले. म्हणाले, "पोलाबाई, इथे पेंगा. मी जागा आहे."

आणि मी खरंच पेंगले. जागी झाले तेव्हा त्यांचा कोट माझ्या गुडघ्यांवर होता. स्वतः नुसत्या स्वेटरवर, पण स्वेटर चांगला जाड. भिकाऱ्याने भिकाऱ्याला घातलेलं पांघरूण, दुसरं काय.

७ फेब्रुवारी.

परवा माझा नामदिवस, म्हणजे माझ्या नावाच्या संताचा दिवस. इथे वाढदिवसाला कुणी विचारत नाही, पण नामदिवस कुणी चुकवत नाही. गिरणीतल्या दोघी येतील, स्तेफा येईल, उर्शुला कामावरून थेट केक घेऊन येईल. नामदिवसाला बोलावत नाहीत, लोक येतात. बोलावत नाहीत म्हणून येऊ नका असंही सांगता येत नाही. आणि माझ्या खोलीत तोंडातून वाफ निघते. केक कापायला कुऱ्हाड लागेल.

मी ठरवलं: दिवसभर घरी राहायचंच नाही. सकाळी कुलूप लावायचं, काचघरात जायचं, अंधार पडल्यावर यायचं. आले, दार वाजवलं, गेले. वर्षात एकदा रागावतील.

साहेबांनी पेन खाली ठेवला. "नामदिवसाला दार बंद दिसलं तर लोक काय समजतील?"

"म्हातारी सिनेमाला गेली समजतील."

"पंच्याहत्तरीची बाई? या थंडीत?"

"चौऱ्याहत्तर. लिहा, चौऱ्याहत्तर."

१० फेब्रुवारी, शुक्रवार. जिन्यात.

उभ्या उभ्या लिहा. खाली उर्शुलाची टॅक्सी थांबलीय.

काल संध्याकाळी काचघरातून परत आलो तर अंगणात अग्निशामक दलाची लाल गाडी. मी म्हटलं, कुणाकडे आग लागली? कुणाकडे नाही. माझ्याकडेच. दोघी जुन्या सोबतिणी कार्नेशनची फुलं घेऊन आल्या, दार वाजवलं, उत्तर नाही. स्तेफा आली, तिला जानेवारीत येऊन गेलेला धुराडेवाला आठवला, आणि तो बिनवासाचा धूर. उर्शुला केक घेऊन पोचली तोवर तिघींनी मला मारून टाकलं होतं. नामदिवसाला घरचं माणूस दार उघडत नाही म्हणजे ते मेलं, एवढं साधं गणित. आणि मी इतकी वर्षं या लोकांत राहून ते केलं नाही. जवानांनी दार तोडलं. कुलपासकट.

स्तेफाने मला जिन्यात पाहिलं आणि किंचाळली, "अगं बये, तू जिवंत आहेस!"

"चूक झाली," मी म्हटलं.

उर्शुला आत कोळशाच्या पेटीवर बसली होती. रडत नव्हती. तळहात शेगडीच्या टाइल्सवर ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आई, ही बर्फ आहे. कधीपासून?"

तिने सीलवरची तारीख वाचली. तिला वाचता येतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "इथे सगळे गारठतील. माझ्याकडे चला." आणि निघाली वरात: उर्शुला, केक, फुलं, दोघी, स्तेफा, एक जवानसुद्धा. अठ्ठेचाळीस वर्षांत मी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. विधुराच्या जिन्यावर विधवेचं पाऊल वाजलं की अख्खं अंगण पायऱ्या मोजतं.

साहेबांनी दार उघडलं आणि बेकरीचं दार उघडल्यासारखी ऊब तोंडावर आली. प्रत्येक खिडकीखाली रेडिएटर. हात ठेवला, चटका बसला. एका रेडिएटरवर खुंटी. खुंटीवर त्यांनी सवयीने कोट अडकवला.

मग मला सगळं कळलं. गरम कोट, उघडी झडप, लाल कान. स्वतःची गरम खोली सोडून हा माणूस महिनाभर माझ्याबरोबर ट्राममध्ये पोटऱ्या भाजत बसला. दया! माझ्यावर! लेओन मेला तेव्हासुद्धा मी कुणाची दया घेतली नाही.

केक खाल्ला नाही. उर्शुलाने "उद्या माझ्याकडे" म्हटलं, मी "बरं" म्हटलं. भांडायला अंगात जोर नव्हता.

आता लिहा: तेओफिल खोटारडा आहे. खोटारडा. शब्द लांब आहे, मला दिसतं, पेन तेवढा चालला नाही. हां. खाली दोन रेघा ओढा. वही उर्शुलाच्या पिशवीत टाका, ऑफिसात द्यायला.

२६ फेब्रुवारी, रविवार. नववा मजला.

आज उर्शुला लिहितेय. भराभर लिहिते, साहेबांसारखं जीभ बाहेर काढून नाही.

सोळा दिवस झाले. पडदे निळे आहेत. ऊब आहे. खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. लिफ्टमध्ये लोक आपापल्या बुटांकडे बघतात. सूप आहे की आंघोळ, असं कुणी ओरडत नाही. मी पाय पसरून बसू शकते, पण पसरून करायचं काय? उर्शुला कामावर जाते तेव्हा मी इथली पाहुणी आणि इथली राखणदार, दोन्ही मीच.

माझ्या घराची चावी तिने स्वयंपाकघरात खिळ्याला लावलीय. नव्या कुलपाची. साहेबांनी कुलूप बसवून घेतलं आणि पाठवून दिली. परत केलेली नाही अजून. मी रोज बघते, तीही मी बघते का ते बघते.

काल ती म्हणाली, "आई, मी वही वाचली."

"ऑफिसात दिली नाहीस?"

"गेले होते. तिथली बाई म्हणाली, कसली वही? अशी वही कुणी कधी मागितलेलीच नाही."

"म्हणजे तेही खोटंच! आणि मी त्याला रोज एवढं सांगत बसले."

"तेच तर," उर्शुला म्हणाली.

"काय तेच?"

"आई, दया करणारा माणूस किती दिवस येतो? चार. फार तर आठ. रविवार सोडून अठ्ठावीस दिवस आलेत ते. दहा नंबरच्या ट्राममध्येसुद्धा. आणि तू त्यांना भिकारी म्हणालीस, तेही त्यांनीच लिहून घेतलंय. छान अक्षरात."

मी मीठ मागितलं. समोर होतं, तरी मागितलं.

मग ती म्हणाली, "मला का सांगितलं नाहीस?" आवाज वेगळा होता.

"तू चावी परत केली असतीस."

"केली असती," ती म्हणाली. "त्याच दिवशी केली असती."

खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. आता हे लिहिताना हिचा पेन अडतोय. लिही गं, मी रागावलेले नाही. पडदे चांगले आहेत. खरंच चांगले आहेत.

५ मार्च.

उर्शुलाच लिहितेय. गवंड्याला तिने स्वतः फोन केला. पिणारा नव्हे, दुसरा. चौदा तारखेला येतोय. तोवर सामान उतरवून घ्यायला, आणि नंतर माती वाळेपर्यंत आठवडाभर खिडकी उघडायला-लावायला माझ्या खोलीत कुणीतरी बसायला हवं. साहेब आतापासूनच बसायला लागलेत. बिनशेगडीच्या खोलीत, दिवसभर. उर्शुला म्हणाली, मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले.

आता त्यांना कळेल थंडी कशाशी खातात.

टोपी घालून बसतात म्हणे. लेओनची खुंटीवर आहे, ती नाही, स्वतःची. हेही उर्शुलालाच विचारून घेतलं मी.

२१ मार्च, मंगळवार. घरी.

चावी उर्शुलाने काल रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवली, काट्याच्या बाजूला. म्हणाली एवढंच, की दर रविवारी मी तिकडे जायचं, आणि इस्त्रीचं टेबल त्या खोलीत परत जाणार नाही. दोन्ही कबूल.

शेगडी उभी आहे. हिरव्या टाइल्स त्याच, पोट नवं. पहिले दिवस मोठा जाळ करायचा नाही, मूठभर काटक्या, सकाळ-संध्याकाळ, नाहीतर पुन्हा तडकेल. नव्याने जगणाऱ्याला थोडंथोडंच द्यावं लागतं. मी खुर्ची ओढली, पाय पसरले, तोंड उघडं टाकून बसले. अडीच महिन्यांचा शीण गुडघ्यांतून हळूहळू खाली उतरत होता, अजून पुरता उतरलेला नाही.

दार वाजलं. साहेब. काखेत नवी वही.

"वही ऑफिसात लागत नाही," मी म्हटलं. "आम्ही चौकशी केलीय."

"हो," ते म्हणाले. टोपी हातात फिरवत उंबऱ्याबाहेरच उभे.

"मग काय काम काढलंत?"

खाली अंगणात बर्फाचं पाणी होऊन पन्हळीतून वाहत होतं. स्तेफाने दुकानाचं दार उघडं टाकून खुर्ची बाहेर काढली होती आणि पायऱ्या मोजत होती. साहेबांचे कान लाल झाले.

"माझ्याकडे फार थंडी आहे, पोलाबाई."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"असणारच," मी म्हटलं. "पाईप जुने आहेत ना."

"जुने आहेत."

"मग दारात काय उभे? ऊब बाहेर जातेय. बसा."

ते बसले, वही उघडली, तारीख घातली. कोट मी काढून घेतला. हल्ली तो गार असतो. शेगडीच्या बाजूला लेओनच्या टोपीशेजारी दुसरी खुंटी आहे, गवंड्याकडून मारून घेतली, कशाला ते त्याने विचारलं नाही. तिच्यावर अडकवला.

हे लिहू का, विचारतायत. लिहा. जाताना गरम मिळेल, हेही लिहा.